बाबांना भरवलेला शिरा

माय, तुझा नातू बरा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकण्यात तुझं लक्ष लागणार नाही. मित्राच्या लग्नात तो दिवसभर राबला, जेवताना जिलेब्यांवर ताव मारला आणि सकाळी अंथरुणातूनच मला हाक मारली, "आई, मले उठताच येऊन नाही राह्यलं." डोळे उघडे, बोलणं स्वच्छ, आणि हातपाय ओल्या पोत्यासारखे पडलेले. हे मी आधी पाहिलेलं होतं, आपल्या घरात, बाजेवर.

त्याला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, औषध दिलं आणि तो हातपाय हलवायला लागल्यावर मला समोर बसवलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो, म्हणाल्या, आणि त्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आतबाहेर करतात, म्हणून हृदय चालतं, हात उचलतो. कोणाची फुप्फुसातली दारं बिघडतात, कोणाची हृदयातली. आपल्या घराण्यात स्नायूंमधलं एक दार जन्मापासूनच नीट लागत नाही. एरवी माणूस ठणठणीत. पण खूप मेहनत करून, गोडधोड खाऊन झोपला की रक्तातलं पोटॅशियम पेशींत निघून जातं आणि स्नायू हुकूमच ऐकत नाहीत. "अशा वेळी पोटॅशियम द्यायचं," त्या म्हणाल्या, "आणि गोड अजिबात नाही. साखरेनं झटका वाढतो. कधी जिवावरही बेततं." मी त्यांना ते परत सांगायला लावलं. त्यांना वाटलं, बाईला कमी ऐकू येतं.

कारण मला तू दिसत होतीस. सत्तर सालानंतरची ती वर्षं. बाबा कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाठी उचलायचे, अंगानं असे की गावात त्यांच्याशी कोणी पंजा लढवत नसे. बुद्धपौर्णिमेला विहारापुढचा मांडव तेच उभारायचे, तुझ्या हातच्या खिरीची कढईही तेच उतरवायचे, आणि मग पंगतीत बसून वाटीवर वाटी खीर खायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजेवर पडलेले असतात आणि अंगणात गर्दी जमलेली असते. कोणी म्हणतं प्याला असेल, कोणी म्हणतं मंगरूळच्या दर्ग्यावर न्या, कोणी अंगारा घेऊनच आलेलं. आणि तू दारात आडवी उभी. "आमी दीक्षा घेतली. आता भूत नाही, अंगारा नाही. अंगातली ताकद गेली म्हून पडले, पोटात ताकद गेली का उठतीन." बाबा पडल्या पडल्या हसून मला म्हणायचे, "बरोबर बोलते तुही माय. तू कायले रडून राह्यली पण? सांजलोक उठतो मी."

मग तू चूल पेटवायचीस. घरात होती नव्हती ती साखर घालून शिरा करायचीस, पातळ, म्हणजे गिळायला सोपा, आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन भरवायचीस. मला वाटी चाटायला मिळायची. सांजेला बाबा खरंच उठायचे. ते आपोआप उठायचे, माय. शिऱ्यामुळे नाही, शिरा खाऊनही उठायचे. आपण मात्र समजलो, गुण आला. अंगारा लावला असता तर कपाळ राखेनं भरलं असतं, एवढंच. आपण शहाणे निघालो आणि तिथंच घात झाला. मला हे लिहितानाही खरं वाटत नाही.

शेवटच्या खेपेला सांजेला ते उठले नाहीत. तू जास्तच भरवत होतीस, "अजून एक घास घ्या, एवढा घ्या," आणि दुपारी त्यांची छाती हलायची थांबली. घास तोंडात तसाच होता. आजी, बाबांची आई, ओसरीवरून सगळ्या गावासमोर म्हणाली, "हिच्याच हातचं खाल्लं का माह्यं पोरगं पडे. काय टाकत होती त्याच्यात, इचारा तिले." पुढं आयुष्यभर तू कोणाच्या लग्नाकार्यात स्वयंपाकाला हात लावला नाहीस, आणि कोणी लावूही दिला नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी कोणाला असं होतं का. आणि मला आजीचंच बोलणं आठवलं. तिच्या भावाला, शिरपूरला, लग्नाचं जेवून आलं की असंच व्हायचं. "वारं लागे त्याले," असं ती स्वतः सांगायची. म्हणजे हे दार तिच्या माहेरचं. बायकांत पुष्कळदा ते कळूनही येत नाही, नुसतं पुढं जातं. आजीकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे, माझ्याकडून पोराकडे. आमच्यात तू कुठंच नाहीस, माय. सगळ्या घरात एकटी तूच निर्दोष रक्ताची, आणि बोल लागला तो तुला. आजी समोर असती तर तिला पदराला धरून दवाखान्यात बसवली असती.

हे तुला सांगावं म्हणून लिहायला बसले. पण तुझ्यावरचा आळ पुसायचा तर शिऱ्याचंही सांगावं लागतं. एक सांगून दुसरं लपवता येत नाही, मी सकाळपासून करून पाहतेय. तू लगेच विचारशील, "मंग त्या दिवशी मीच..." आणि मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून हे कागद मी कोणापुढं वाचणार नाही, तुझ्या फोटोपुढंही नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सहजच विचारलं, वडिलांना शेवटच्या दिवशी काही गोड दिलं होतं का. तोवर मी सगळं खरं सांगितलं होतं. "नाही," मी म्हणाले, "माझ्या मायनं त्यांना नुसतं पाणी पाजलं."