त्याले सांग, मीठ सरकव

दिगंबर,

तुही माय नार्नूरले गेली, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. नाही तर तिलेच म्हटलं असतं, "त्याले सांग."

आज कटिंगच्या दुकानात मास्तर नागपूरचा पेपर मोठ्यानं वाचून राह्यले होते. एका पोरानं आपल्या बापावर लेख लिहिला. बाप सहा वर्सं झाले पोराशी बोलत नाही म्हणे. माह्या गालाले साबण होता, तरी मी बोललोच, "असा कसा बाप? त्यापरीस जनावर बरं." सारे हासले. मंग मास्तरनं पुढचं वाचलं. पोरगा बाजूलेच जेवत असते, तरी बाप बायकोले म्हणते, "त्याले सांग, मीठ सरकव."

तवा समजलं. मास्तरनं खालचं तुहं नाव वाचलं अन् पेपर घडी करून ठेवला. उरलेली दाढी म्या घरी येऊन केली.

तुह्यावर राग करू का त्या बापावर, कायीच समजून नाही राह्यलं. भांडण सायकलीवरून झालं असं तू लिहिलं. मले वाटत होतं, तू आपल्या दुकानात बसणं सोडलं त्याच्यावरून. अन् मीठ तर मी तुलेच मागत होतो ना?

जैनथले मिरचीचं बी आणाले जातो, सहाच्या बसनं येतो. भाकरी टोपल्यात आहेत. वरण अळणी आहे, मिठाचा डबा मले सापडला नाही.

आल्यावर मीच पयले बोलीन म्हणतो. काय बोलू, तेवढं या चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवजो.

— बाप