पुढच्या खोलीतला माणूस

१२ फेब्रुवारी १९५६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सासूबाईंचे डोळे दाखवायला तिकडच्या डॉक्टरांकडे येतोय. दोन दिवस मुक्काम आपल्याकडेच. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून पुढची खोली त्यांच्यासाठी ठेव. बाबांना सांग, छापखान्यातून जरा लवकर घरी या. आणि धाकट्याला म्हणावं, निदान पाहुण्यांसमोर तरी केस विंचर.

आहे ती माया असू दे.
तुझी थोरली

१६ फेब्रुवारी

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आनंद झाला, पण तुला एक सांगायचं राहून गेलंय. छापखाना गेल्या वर्षीच बंद पडला. बाबा आता दुकानांच्या पाट्या रंगवतात. तेवढ्यावर भागेना, म्हणून पुढची खोली दवाखान्यातल्या कंपाउंडरांना भाड्याने दिलीय. त्यातून वाणसामान येतं, धाकट्याची फी जाते. जावयाच्या घरी हे कळलं तर बाबांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. त्यांनी विनवलं म्हणून कंपाउंडर दोन रात्री दवाखान्यातल्या बाकावर झोपणार आहेत. वर मलाच म्हणाले, संकोच करू नका. तूही कुणाला सांगू नकोस.

आईवर राग धरू नकोस.
तुझी आई

२८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. सासूबाईंना औषधाचा गुण येतोय. मला मात्र आपल्याकडची ती सकाळ विसरता येत नाही. त्या सकाळी पोस्टमन कंपाउंडरांचं पत्र घेऊन आला आणि सासूबाईंदेखत बाबा म्हणाले, "इथे कोणी भाडेकरू राहत नाही." कंपाउंडर पोस्टमनच्या मागेच उभे होते, धुतलेला सदरा न्यायला आलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करून आत निघून गेले. बाबा निदान घाबरून तरी बोलले. मला कसली भीती होती?

काल सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.  त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्या माणसाच्या गादीवर झोपले आणि तुम्ही माझी त्याच्याशी ओळखही करून दिली नाहीत."

पत्राची वाट पाहते.
तुझी थोरली

६ मार्च

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी कंपाउंडर खोली सोडून गेले. भाडं ठेवून गेले, तेही महिन्याचं पुरतं. बाबा तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून होते. तुझं पत्र वाचून दाखवलं, तसे उठले, दवाखान्यात गेले आणि पेशंटांच्या रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला. कंपाउंडरांनी मान वर न करताच विचारलं, "काय होतंय?"

बाबा म्हणाले, "लाज वाटतेय."

मागची माणसं हसली. कंपाउंडर हसले नाहीत. बाबांना बाकावर बसायला सांगून त्यांनी आधी रांग संपवली.

मग कंपाउंडरांच्या ट्रंकेची एकेक कडी धरून दोघं भर बाजारातून घरी आले. वाटेत भेटेल त्याला थांबवून, कुणी विचारलं नसताना, बाबा सांगत होते की हे आमच्याकडे भाड्याने राहतात.

सासूबाईंना नमस्कार सांग. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई