डावीकडची कोरडी सीट

मी, अण्णाजी किसनाजी झाडे, राहणार आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, धंदा शेती आणि वर्ध्याला घड्याळ दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही, आणि भांग मी होळीलाही घेत नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात छाती दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पुढचा मजकूर वाचून ज्याला शंका येईल त्यानं हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

१. राहतं घर माझी पत्नी देवकाबाई हिला, ती असेपर्यंत. तिच्या मागे मुलगी नलू हिला. नलू समुद्रपूरला सासरी आहे आणि तिला हे घर नको आहे, हे मला माहीत आहे. का नको ते कलम पाचमध्ये येईल. तरी घर तिचंच.

२. पोस्टातलं आणि बँकेतलं जे काही असेल ते देवकाबाईचं. तिनं ते औषधाला वापरावं, देवळाला देऊ नये. औषध तिनं गेल्या वर्षापासून बंद केलं आहे. ते तिनं परत सुरू करावं अशी या मृत्युपत्राची मुख्य इच्छा आहे.

३. विहिरीजवळचा शेताचा तुकडा धाकटा भाऊ बंडूजी याला. तो तुकडा तोच कसतो, त्यामुळे हक्क त्याचा आहे. राग मात्र माझ्याकडेच ठेवतो, तो वाटून द्यायचा नाही. माझा मुलगा प्रेमदास सन १९७८ च्या पोळ्याला समुद्रपूरहून आपली अँबॅसिडर टॅक्सी चालवत घरी जेवायला निघाला होता. वाटेतल्या नाल्याला पूर होता. शेजारच्या तानबानं आपली बैलजोडी लावून गाडी बाहेर ओढली. गाडी रिकामी होती, प्रेमदास सापडला नाही. आम्ही अजून काठाकाठानं शोधत होतो, तेवढ्यात बंडूनं भटजीला विचारून गवताचा पुतळा केला आणि जाळून विधी उरकला. शास्त्राला धरून केलं असेल. देवकाबाई त्या जागी गेली नाही आणि तिनं ते कधी मानलं नाही. माझा देह सापडेलच, तेव्हा बंडूला या वेळी गवत गोळा करायचा त्रास पडणार नाही.

४. माझ्या गाड्या. घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी लहान गाड्या करायचो. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझा अर्धा इंच. अंग सागवानाचं, पत्रा डालड्याच्या डब्याचा, टायर सायकलच्या ट्यूबचे, आणि दिव्यांना बायकांच्या घड्याळांच्या काचा. लोकांनी टाकून दिलेल्या परदेशी खेळण्यातल्या गाड्याही मी दुरुस्त केल्या आहेत. कपाटात लाल एस.टी. आहे, कापसाच्या जिनिंगचा ट्रक आहे, दोन जीप आहेत. या सगळ्या नलूच्या घरी जाव्यात. त्या नुसत्या गाड्या आहेत, त्यांना ती घाबरत नाही.

एक गोष्ट पाहणाऱ्यांच्या लक्षात येईल. माझ्या एकाही गाडीत माणूस नाही. माझे वडील फावल्या वेळी मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचे आणि त्यांचे डोळे रंगानं काढायचे नाहीत. ज्याच्या घरी बैल जाईल त्यानं डोळे काढावेत, म्हणायचे, नाहीतर बैलाला आपला धनी कोण ते कळत नाही. मी तेच पुढे नेलं. गाडी पुरी करायची, माणूस बसवायचा नाही.

५. क्रीम रंगाची अँबॅसिडर. ही कोणालाही दिलेली नाही. ही आहे तिथेच राहील.

प्रेमदास गेल्यावर देवकाबाई मला म्हणाली, "त्याची गाडी करून द्या मले." वर्षभर खपून मी ती केली. सीटचं रेक्झिन तिच्या जुन्या पर्सचं आहे. पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोठ्यात बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळले, दरवर्षी म्हणतो तसं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि घरात आलो. देवकाबाई कपाट उघडून बसली होती. तिनं गाडीच्या टपाला लोणी-हळद चोळली आणि म्हणाली, "आज आवतन घे बाबू, उद्या जेवाले ये." मी तिला थांबवलं नाही. बाईचं मन आहे, म्हटलं, एवढ्यानं हलकं होत असेल तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घराला कुलूप लावून तोरणाखाली पोळा पाहायला गेलो. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला होती. ऊन कडक होतं, पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. परत आलो तर काचेच्या आत, फळीवर, गाडीच्या चारही चाकांना ओली काळी माती होती. दिव्यांच्या काचांत आतून पाणी चढलं होतं. कपाटापुढे वाढून ठेवलेल्या ताटातल्या पुरणपोळीचा एक घास मोडलेला होता. उंदीर पोळी कुरतडतात, मोडत नाहीत. देवकाबाईनं ताट उचललं, कपाळाला लावलं आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली. वर्षात पहिल्यांदा.

तेव्हापासून दर पोळ्याला हेच. गाडी जाताना कोणी पाहिली नाही, येतानाही नाही. परत आलेली दिसते तेव्हा ती पुरातून आलेली असते. दार चेपलेलं, पत्र्याला गंज, सीट ओल्या, आत गाळाचा वास. मग वर्षभर मी ती दुरुस्त करतो. पत्रा ठोकून सरळ करतो, रंग देतो, काचा बदलतो. एक वर्ष मी मुद्दाम हात लावला नाही. मागचं चाक निखळलं होतं, तसंच ठेवलं. वाटलं, गाडी बंद पडली म्हणजे हे सगळं थांबेल. त्या पोळ्याला ती तीन चाकांवर आली. काचेच्या फळीवर लांब ओरखडा आहे, तो तेव्हाचा. निखळलेल्या बाजूचं लाकूड घासून भुसा झालं होतं. देवकाबाई म्हणाली, "लेकराले इतकं घसटत यावं लागलं, अन् तुमच्या हातानं चाक नाई बसलं?" त्यानंतर मी दुरुस्ती चुकवली नाही.

बंडू म्हणतो, "भाऊ, जाळून टाका ते." नलू म्हणते, "बाबा, काऊन ठेवता ते घरात? मले त्या खोलीत श्वास नाई घेता येत." दोघांचंही चुकत नाही. पण आवतन देऊन बोलावलेल्या माणसाची वाट जाळायची कशी, हे मला दोघांपैकी कोणी सांगत नाही. माझाच मुलगा आहे. मला त्याची भीती वाटते आणि तो येईपर्यंत चैनही पडत नाही.

६. गेल्या वर्षीचा पोळा. गाडी परत आली, दार उघडलं. मागची सीट ओली, ड्रायव्हरची ओली. ड्रायव्हरच्या शेजारची, डावीकडची सीट कोरडी ठणठणीत होती. कोणीतरी हातानं पुसून ठेवावी तशी. आजवर असं झालं नव्हतं.

देवकाबाईनं तिच्यावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "मले घ्याले येऊन राह्यला तो."

त्या दिवसापासून ती निघाली आहे. बांगड्या नलूला देऊन टाकल्या, चांगलं लुगडं घडी करून पिशवीत भरलं, औषध सोडलं. अंगावरचं मांस गेलं तरी तोंडावर लग्नघरातल्यासारखा आनंद. मी रागावलो, विनवलं, एकदा तर पाया पडलो. ती म्हणते, "त्याले एकट्यालेच किती वर्सं फिरू द्याचं?" देवकाबाईशिवाय मला या घरात एक दिवसही राहता येणार नाही, हे इथे लिहून ठेवतो. तोंडानं मी ते तिला कधी सांगितलेलं नाही.

म्हणून मी माझा नियम मोडला आहे. सागाचा एक माणूस कोरला आहे. डोक्यावर टोपी, नाकावर घड्याळवाल्याचा चष्मा, खांदे माझ्यासारखेच पडलेले. तो आज दुपारी डावीकडच्या सीटवर सरस लावून पक्का बसवला आहे. ती जागा आता माझी आहे, रिकामी नाही. डोळे तेवढे काढायचे आहेत, ते सह्या झाल्यावर काढीन.

७. हत्यारं. मोठा शिकंजा बंडूकडे आहेच, मागून नेला आणि विसरला. तो त्यालाच. बाकी कानशी, चिमटे, भिंग दुकानासोबत जो घेईल त्याला. फक्त तांदळाएवढे दोन पाने, एक जॅक आणि एक जादा चाक मी करून गाडीच्या डिकीत ठेवले आहेत, त्यांना कोणी हात लावू नये. रस्त्यात गाडी बंद पडली तर दुरुस्त करणारा यापुढे गाडीतच असेल.

८. माझ्या मागे देवकाबाईला आवतन देण्यापासून कोणी अडवू नये. कपाटाची किल्ली तिच्याकडेच राहील.

हे सर्व मी समजून उमजून लिहिलं, साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदारांपैकी मधुकरराव यांचं म्हणणं असं की कलम पाच आणि सहा कोर्टात टिकणार नाहीत. तानबा म्हणाला, "टिकतीन. गाडी म्या ओढली व्हती, तिचं दार असंच चेपलं व्हतं, म्या पाह्यलं हाय."

सही: अण्णाजी किसनाजी झाडे

साक्षीदार:
मधुकरराव ढोक, शिक्षक, आंजी (सही)
तानबा भोयर, शेतकरी, आंजी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: आंजी (मोठी)
शनिवार, दिनांक २५ ऑगस्ट १९८४, श्रावण वद्य चतुर्दशी, पोळ्याचा आदला दिवस

ता. क. साक्षीदार अजून बसलेले असताना देवकाबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन आली. तिनं गाडीत वाकून पाहिलं.

"तुमी माह्यी जागा घेतली," म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मंग पुढच्या वर्षी मले दोघाइले आवतन द्या लागन."

"म्हणूनच तुले घरी राहा लागन," मी म्हटलं. "बोलावणारं कोनी नसन तर आमी येऊ कोनाच्या घरी?"

ती रडली. मग पदरानं डोळे पुसून खाली बसली, गाडीच्या टपाला लोणी-हळद चोळली, आणि करंगळीच्या टोकानं थोडी त्या लाकडी माणसाच्या खांद्यालाही लावली. पाण्याचा तांब्या आणि औषधाची गोळी मी तिच्याजवळ ठेवली, ती तिनं आत्ता माझ्यासमोर घेतली. ही नोंद दोन्ही साक्षीदारांनी पाहिली आहे. उजेड आहे तोवर लाकडी माणसाचे डोळे काढून घेतो.