हातातून हातात कोयता

अंबाजोगाई,
दि. ६ जानेवारी २०२५

चि. मंगल हिस,
अक्काचे अ. आ.

तुझं पत्र हरिओमच्या हस्ते पोचलं. तुमच्या सिनेमाचा हा ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला निघाला, हे बरं झालं. नाहीतर मांजरसुंब्याला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीची खुशाली मला कुणाकडून कळली असती? सिनेमाची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून तुमचे सगळ्यांचे फोन काढून घेतलेत, हे वाचून तुझे दाजी खूप हसले. म्हणाले, गुप्तहेराच्या सिनेमात जाऊन मेव्हणीच गुप्त झाली.

मी मात्र हसले नाही. काल रविवारी आमच्या लायब्ररीला सुट्टी होती, म्हणून मी कपिलधारला आले होते. तुमचं शूटिंग तिथं चाललंय असं हरिओमनं सांगितलं होतं. तुझ्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. दोरीपाशी रखवालदारानं अडवलं. लांबून तू दिसलीस. त्या नटीच्या डोक्यावर छत्री धरून उभी होतीस आणि तिला अक्का म्हणून हाक मारत होतीस. एकदा नाही, तीनदा.

मी धपाटे त्या रखवालदाराला दिले आणि मिळेल त्या एस.टी.नं परत आले. मला वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू? माझा जळफळाट झाला. वाईट वाटणं निराळं आणि हे निराळं. तिला मॅडम म्हण, बाई म्हण. शंभर नावं पडली आहेत.

थंडी आहे, कानाला बांधत जा. लोभ आहेच. तो वाढवायला तुला आता सवड नसेल, निदान उणा करू नकोस.

तुझी,
अक्का


मुक्काम मांजरसुंबा,
दि. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
मंगलचा सा. न. वि. वि.

तू दोरीपाशी उभी होतीस आणि मला कळलंही नाही! एक हाक तरी मारायचीस. धपाट्यांसाठी मी त्या रखवालदाराशी भांडले. तो म्हणाला की चटणी लई झ्याक होती.

अगं वेडे, ते अक्का म्हणणं कामाचा भाग आहे. गोष्ट तुला सांगायची नाही, तरी सांगते, फक्त दाजींना सांगू नकोस. आपल्याच भागातली चार पोरं बॉम्ब बनवायला लागतात. बाहेरून कुणी आलेलं नाही, इथंच शिकलेली, इथंच वाढलेली. ती ऊसतोडीच्या टोळीत लपतात. त्यांना शोधायला सरकारची एक हेर बाई मजूर होऊन त्याच टोळीत शिरते. टोळीतले सगळे तिला अक्का म्हणतात. ते काम करणाऱ्या आमच्या नटीला त्या हाकेला चटकन ओ देण्याची सवय व्हावी, म्हणून मी दिवसभर म्हणते. तसं माणूस गोड आहे हं. परवा तिनं माझे केस विंचरून दिले. म्हणाली की तिला धाकटी बहीण नाही.

आता खरं काम. तुला ठाऊक आहे, मी वसतिगृहात वाढले ते तुझ्या हट्टामुळे. कोयता कधी हातात धरला नाही. इथं मात्र टोळीतलं मला सगळं माहीत आहे, असं सांगून नोकरी मिळवली. जे सांगते ते सगळं तुझ्याकडून ऐकलेलं. मागच्या आठवड्यात एक चूक झाली. बायका ऊस तोडताना साडीवर नवऱ्याचा जुना सदरा घालतात, हे मी सांगायचं विसरले आणि टोळीच्या बायका हसल्या. दिग्दर्शक साहेबांनी सांगितलं की आणखी एक चूक झाली तर घरी जायचं.

अठरा तारखेला उसाच्या फडातला पहिला प्रसंग आहे. हेर बाई कानशीनं कोयत्याला धार लावते आणि शेजारच्या बाईला देते. आपल्यात तो द्यायची रीत काय? सात हंगाम तू ऊस तोडलास, तुझ्याइतकं कोण सांगणार? लवकर कळव. सगळं तुझ्यावर आहे.

लेकरावर राग धरू नये, एवढंच मागणं.

तुझी,
मंगल


अंबाजोगाई,
दि. ११ जानेवारी २०२५

चि. मंगल हिस,
अक्काचे अ. आ.

धाकटी बहीण नाही म्हणून तुझे केस विंचरते, हे वाचलं. बिचारी. तुझ्या केसांत उवा होत्या तेव्हा ती कुठं होती, हे विचारून ठेव. चार महिने मी रॉकेल लावून फणी फिरवत होते.

तू विचारलंस ते असं. धार लावली की कोयता सरळ समोरचीच्या हातात द्यायचा. मूठ तिच्याकडे करायची, तिच्या डोळ्यांत बघायचं आणि हातातून हातात द्यायचा. दुसरी काही रीत नाही.

लायब्ररीत आज परीक्षेच्या पोरींची गर्दी आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तुझे दाजी संक्रांतीला वाट बघतील. मीही बघेन, पण तू येणार नाहीस हे माहीत आहे. तुझ्या त्या बाईला तिळगूळ दे.

आठवण ठेवशील तेवढी ठेव.

तुझी,
अक्का


मुक्काम मांजरसुंबा,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल तो प्रसंग झाला. तू सांगितलंस तसं मी तिला शिकवलं होतं. तिनं धार लावली आणि कोयता शेजारच्या केशरबाईपुढे केला. केशरबाई खऱ्या टोळीतली, यंदा कारखान्यावर न जाता सिनेमावर आलेली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागं सरकली. साहेब ओरडले, तरी घेईना. म्हणाली, कोयता कुणी हातात देतं व्हय, दोघींत वैर येतं. भुईवर ठेवा, मग मी उचलते. सगळ्या बायका तिच्या बाजूनं झाल्या. दीडशे माणसं थांबली.

मग केशरबाईनं माझ्याकडे बघून जे सांगितलं ते तसंच लिहिते. ज्यानं हे शिकवलं त्यानं एक तर जन्मात कोयता धरला न्हाई, न्हाई तर त्यानं तुमचं वाईट चिंतलंय.

अक्का, तू सात हंगाम कोयता धरलास. मग त्या दोन्हींतलं काय उरलं, ते मला तिथंच उभ्या-उभ्या कळलं. देशातली माणसं देशालाच सुरुंग लावतात, त्यावर आमचा सिनेमा. मला वाटलं, एवढं लांब कशाला जायचं?

साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की हे कुणी सांगितलं. तुझं नाव घ्यायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं की माझ्या बहिणीनं, आणि तिनं ते मुद्दाम सांगितलंय. म्हटलं, हेर कितीही हुशार असला तरी एका लहानशा चुकीवर पकडला जातो, आणि ही चूक बाहेरचं माणूसच करेल. साहेबांनी मांडीवर थाप मारली. केशरबाईचं ते मागं सरकणं कॅमेऱ्यात आलं होतं. आता तिथंच हेर बाईचं सोंग उघडं पडणार. अख्खा सिनेमा त्या जागेवर वळवला आहे.

माझी नोकरी वाचली, असं तुला वाटेल. नाही. साहेब म्हणतात, ही बहीण कोण? तिलाच आणा. गुरुवारी हरिओम गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. तू आलीस की माझं इथं काय काम? आता जळायची पाळी माझी आहे, आणि ते किती कडू असतं ते मला कळलं.

तू येणार का? आणि अक्का, ते तू खरंच मुद्दाम लिहिलंस का? या दोनच प्रश्नांची उत्तरं दे. बाकी काही लिहू नकोस.

मंगल


अंबाजोगाई,
दि. २३ जानेवारी २०२५

चि. मंगल हिस,
अ. आ. घ्यावेसे वाटले तर.

गाडी दारात उभी आहे. हरिओम चहा पितोय. मी येत नाही. साहेबांना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की घर आणि नोकरी सोडून मला जमणार नाही, जे विचारायचं ते मंगलला विचारा. सोबत बावीस पानं देते आहे. मोळी कशी बांधतात, डोक्यावर घेऊन ट्रकवर कशी चढतात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पाणी कुठं ठेवतात, मुकादमासमोर बायका कशा बोलतात, सगळं खरं लिहिलं आहे. तीन दिवस लायब्ररीत बसून लिहिलं. तू ते पाठ कर आणि तुझं म्हणून सांग. काही विसरलं असेल तर केशरबाईला विचार, ती खोटं सांगणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. मुद्दाम लिहिलं. त्या बाईचं हसं व्हावं आणि तुला घरी पाठवावं, एवढंच डोक्यात होतं. तुझी नोकरी जाईल हे कळत होतं, तरी पत्र पाकिटात घातलं. तुझे दाजी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अजूनही जळते. पण आता तुझ्या आड येणार नाही.

एक गोष्ट त्या बावीस पानांत लिहिली नाही. ती सिनेमासाठी नाही. तू बोलायला लागलीस ती कोपीत. मी अकरा वर्षांची होते. आई दिवस उगवायच्या आधी फडात जायची आणि तू दिवसभर माझ्या कडेवर असायचीस. तू मला आई म्हणायचीस. एकदा आई फडातून आली, तुला घ्यायला तिनं हात पुढं केले, तर तू माझ्या मानेला मिठी मारलीस आणि मलाच आई म्हणालीस. ती भाकरी न खाता तशीच मोळ्या उचलायला गेली. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला आता समजतं.

त्या दिवसापासून मी तुला अक्का म्हणायला शिकवलं. आई म्हणालीस की मी ओ द्यायची नाही. तू रडायचीस, पाय आपटायचीस, तरी द्यायची नाही. आठ दिवस लागले.

म्हणून अक्का हे नाव तू तिला खुशाल दे. लोभ उणा झाला तरी चालेल, तोडू नकोस.

तुझी,
शिवकन्या