भरल्या ताटांतला नाच

ब्रातेइ, ४ मार्च १९९६

चि. सावेतास आजोबा तोदोरचे अनेक आशीर्वाद.

सिनेमात काम मिळालं हे वाचून तुझी आजी आनंदाने रडली. पुढचं वाचून माझी रडायची पाळी आली. जेवणाच्या टेबलावर चढून, भरल्या ताटांमधून घागरा गरागरा फिरवत नाचायचं? अगं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? आपल्या बायका खाली ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा ओलांडत नाहीत. घागऱ्याची कड लागली तर आपण ताट फेकून देतो. पण गाज्यांना, म्हणजे आपल्यातले नाहीत त्या सगळ्यांना, आपल्या रोमा जमातीची बाई दिसते ती टेबलावरच. तीच हात बघते, पोरं पळवते आणि शेवटी सुरा पोटात घेऊन मरते. धुणं तिला कधीच धुवायचं नसतं! आपलेही काही कमी नाहीत म्हणा. तुझा बाक्रोकाका हॉटेलात व्हायोलिन वाजवताना असं तोंड करतो, जणू सकाळीच घरात कोणी गेलं. विचारलं तर म्हणतो, हसलो तर गिऱ्हाईक उठून जातं.

चेष्टा पुरे. तू नाचलीस आणि सिनेमा इथे लागला, तर पंच बसतील, आपलं घर विटाळलं म्हणतील. मग आपल्याकडे कोणी कॉफीचा घोटही घेणार नाही. या वयात मी कोणाच्या पंगतीला जाऊ? दिग्दर्शकाला सांगून बघ. नाही ऐकलं तर सरळ घरी ये.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तोदोर

बुखारेस्ट, १५ मार्च

ती. आजोबांस सावेताचा शि. सा. न.

आता निवांत झोपा. आधी ताटं उचला, मग नाचते, असं मी दिग्दर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, खरी जिप्सी असले नखरे करत नाही. मी रोमा आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, वाटत नाहीस, तुझ्यात तो रानटीपणा नाही. मग क्लुजच्या एका गोऱ्यापान मुलीला काळा रंग फासून टेबलावर चढवलं. बिचारी रोज मलाच विचारते, जमतंय ना!

मला जमीनदारीणबाई केलंय. मखमली झगा घालून बसायचं आणि नाचणारीकडे बघून नाकाला रुमाल लावायचा. पहिल्याच खेपेला सगळे थक्क! ही नजर कुठे शिकलीस म्हणाले. मी म्हटलं, गावच्या पावाच्या दुकानात, रांगेत उभी राहून.

तुमच्या मायेला पात्र,
सावेता

ब्रातेइ, २३ मार्च

चि. सावेतास आशीर्वाद.

पत्र पंचांना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला, कॉफी माझ्या गालिच्यावर सांडली. आता मला दुसरीच काळजी. सिनेमा बघून ती नाक मुरडणारी पाववाली तुला न ओळखता म्हणेल, काय घरंदाज बाई आहे! मी आजच जाऊन तिला सांगणार होतो, ती बाई आमची नात आहे म्हणून. आजीने दारातच अडवलं. म्हणाली, जरा धीर धरा, आधी तिला पोटभर कौतुक करू द्या.

तुझा,
तोदोर