ती कुस्ती मी का टाळली

प्रिय गौतम,

समोर असताना मी तुला कधी अरेतुरे केलं नाही. 'पैलवान, तुम्ही' असंच म्हणायचो. आज 'तू' म्हणतोय, कारण जे लिहायचंय ते अहो-जाहो करत लिहिता येणार नाही.

परवा नायगावला येऊन गेलो, तुझ्या जलदान विधीला. तू गेल्याचं मला उशिरा कळलं. फोटोला फूल वाहिलं आणि मांडवात कडेला बसलो. तुझी सुजाता जवळ आली. म्हणाली, "तुमी औशाकडचे पैलवान ना? बाबांसंग कुस्ती धरली न्हाई ते?"

मी 'हाव' म्हणालो.

"जातीमुळंच ना, काका?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गाव कोणतं, असं विचारावं तसं तिनं विचारलं. मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो. मोटारीला तास होता, गौतम. तिला जे सांगायला हवं होतं ते आधी तुला सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

नांदेडच्या तालमीतले आपले चार महिने तुला आठवत होते का? वस्तादांनी आपली जोड लावून दिली होती, दोघं वजनानं सारखे म्हणून. सकाळी जोर-बैठका, मग लढत, मग एका ताटात जेवण. तू भाकरी चुरायचास, मी वरून दूध ओतायचो. तुझं गाव, तुझं घर, तुझी जात मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि त्या ताटात तिचा कधी विषयही निघाला नाही.

त्याच तालमीत तू मला तीनदा चीत केलंस. तिन्ही वेळा ढाक लावून. डाव येतोय हे मला दिसायचं, तरी अडवता यायचा नाही. तू बाहेर कुणाला बोलला नाहीस. दुसरा असता तर गावभर सांगत फिरला असता. तू मात्र पाठीची माती झाडून दिलीस आणि म्हणालास, "तुमचा पाय मागं राहून राहिला, व्यंकटराव. तेवढं बघा."

मी पाय सुधारला नाही. तुझी भीती तेवढी घेऊन घरी आलो.

पुढं आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. लोकांना कचेऱ्या जवळ आल्याचा आनंद, मला निराळाच. धाराशिवकडचे दोन तगडे पैलवान आता दुसऱ्या जिल्ह्याचे झाले होते. वाट मोकळी झाली. आमच्या तालमीचे अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्यंकट, राज्याच्या गदेला आता जिल्ह्याकडून तूच. निवड होईस्तोवर जोखमीची जोड घ्यायची न्हाई. एकदा पाठीला माती लागली की कमिटी दुसरं नाव शोधती."

मला ते पटलं. खरं सांगू? पटावं असंच वाटत होतं. त्यानंतर दोन हंगाम मी माझ्याहून हलके, म्हातारे, दमलेले गडी शोधून लढलो. लोक टाळ्या वाजवायचे. मी नुसता निवडीची वाट बघत थांबलो होतो.

आणि त्या दुष्काळी सालात तू आमच्या गावच्या जत्रेला आलास.

विहिरी आटल्या होत्या, तरी मला घरचं दूध होतं. म्हैस विकायची पाळी आली तेव्हा बापानं बैल विकला, म्हैस ठेवली, माझ्या खुराकासाठी. तू विष्णुपुरीच्या धरणावर दगड वाहत होतास. दोन मोटारी बदलून आलास. गालफाडं बसलेली, खांद्याचं कातडं सोललेलं. हलगी वाजत होती. तू हात वर करून आखाड्याला एक फेरी मारलीस आणि माझ्यापुढं येऊन थांबलास.

"ह्यांच्यासंग लावा जोड."

मग खाली वाकून, मला एकट्याला ऐकू जाईल असं बोललास, "चार महिने झाले, खुराक न्हाई. तरी लढतो. आमच्या जिल्ह्याचे कमिटीवाले म्हणून राहिलेत, नावाजलेल्या गड्याला पाडून दाखव, मग तुझं नाव धाडू. पडलो तर पडलो. पण एकदा धरा."

तुला माझ्याकडून दुसरं काहीच नको होतं. मी जे जपत बसलो होतो, त्याच्या दारापर्यंत यायची तुला एकच वाट होती आणि ती माझ्या अंगावरून जात होती.

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, "आज न्हाई."

"का?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "कसं धरल? त्यांच्या अंगाला अंग लावायचं का?" पाच-दहा जण हसले.

तू हसणाऱ्यांकडं पाहिलं नाहीस. माझ्याकडं पाहत राहिलास. मी 'हे खोटं हाय' म्हणेन याची वाट बघत होतास ना? एका ताटात जेवलेला माणूस तेवढं तरी बोलेल, असंच वाटलं असेल तुला. मी सदरा उचलला आणि अंगात घातला.

गौतम, मी तुला घाबरलो होतो. चार महिने दगड वाहिलेल्या, उपाशी तुलासुद्धा. पण त्या हसण्यानं माझी सुटका केली. भित्रा ठरण्यापेक्षा कुळाचा कडक ठरणं गावात सोपं होतं. काहींनी तर पाठ थोपटली. मी कुणाला अडवलं नाही.

मी राज्याला गेलो. पहिल्याच कुस्तीत, घाम यायच्या आत, आभाळ दिसलं. दोन वर्षं कुणी जोराचा माणूस अंगावर घेतला नव्हता, अंग लढणंच विसरलं होतं. मातीत पडल्या पडल्या पहिला तूच आठवलास. तुझ्याशी लढून पडलो असतो, तर निदान काही शिकलो असतो. तुझ्या जिल्ह्यानं दुसऱ्याच कुणाला पाठवलं होतं. तू पुन्हा आखाड्यात उतरला नाहीस, हे पुढं कानावर आलं.

नांदेडच्या मोटार स्टँडवर आपण भेटलो, तेव्हा आपली दोघांची डोकी पिकली होती. तूच हाक मारलीस. "तब्येत बरी हाय का, व्यंकटराव?" धरणावर चौकीदार आहेस, मुलगी शिकतेय, असं बोलणं झालं. तू चहा आणायला गेलास. दोन कप घेऊन आलास, एक माझ्याकडं केलास आणि मध्येच थांबलास. मग तो कप बाकावर ठेवलास. मी उचलून घ्यावा म्हणून.

त्या जत्रेत काय झालं होतं, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. मी चहा प्यालो. बरा झालाय म्हणालो. तेव्हा खरं बोलता आलं असतं की! कोण होतं तिथं ऐकायला? तुझी मोटार लागली आणि तू गेलास.

सुजातानं विचारलं त्याला 'न्हाई' म्हणून मोकळं व्हावं, असं आधी वाटलं. पण तेही पुरतं खरं नाही. आमच्यातला कुणी आव्हान द्यायला आला असता, तर मला असं लपायला जागाच मिळाली नसती. तू होतास म्हणून मिळाली. भीती माझी होती. ती झाकायला मी तुझी जात वापरली. असं करणारा आणि मागून ओरडणारा, यांत मला आता फरक करता येत नाही.

जत्रेत मला अजून पंच म्हणून बोलावतात, फेटा बांधतात, पोरांना दोन शब्द सांगा म्हणतात. यंदा हलगी थांबवून सांगणार आहे की, नायगावच्या गौतम पैलवानाला मी भिऊन कुस्ती नाकारली, आणि मागून जे बोललं गेलं ते मी सोयीनं चालू दिलं. त्याआधी नायगावला जाऊन सुजाताला सांगेन. मोटारीची वेळ झाली म्हणणार नाही. ती जे बोलेल ते बसून ऐकेन आणि ती 'जा' म्हणेपर्यंत उठणार नाही.

तुझा न लढलेला जोडीदार,
व्यंकट