ऐन कळांमध्ये विचारायचा प्रश्न

३ नोव्हेंबर १७५४
शहाणेच आहेत विंगेटकडचे! ओबेद विंगेट शेठच्या घरी राबणारी उना, आमच्या आयर्लंडची पोर, लग्नाशिवाय पोटुशी – आणि बाळंतपणाला म्हणे नवा डॉक्टर येणार. इथला कायदा असा: कळा भरात आल्या की सुइणीनं विचारायचं, बाप कोण? त्या क्षणी बाई खोटं बोलत नाही, असं कोर्ट धरून चालतं. नाव आलं तर बापानं मूल पोसायचं. नाही आलं तर आईला चाबकाचे फटके, मूल परक्या दारी राबायला. समुद्रापलीकडच्या या आख्ख्या मार्बलहेड गावात चाळीस वर्षं मी, इथली सुईण, हे विचारलं. डॉक्टर म्हणतो, "सभ्य माणूस असलं विचारत नाही." सभ्य!

५ नोव्हेंबर
थंडी. खारवलेला मासा चामड्यासारखा. दात उरलेत चार.

९ नोव्हेंबर
विंगेटबाई चहाचा पुडा घेऊन आल्या. माझं कापडाचं दुकान होतं तेव्हा वीतभर कापडासाठी तासभर घासाघीस करायच्या. फुकट देणाऱ्यातल्या नव्हेत.
"आता सुईणपण सोडलंत ना, आजी? आराम करा. उनाकडे फिरकू नका."
"का हो? तुमच्या घरातलं नाव निघेल म्हणून?"
रडल्या. "माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत अजून." पुडा ठेवून गेल्या.
चहा बरा आहे.

१४ नोव्हेंबर
पहाटे उना कळा देत माझ्या दारात. "डॉक्टर नको, मावशी!" शेजारच्या टॅबिथाला सोबतीला बोलावलं. मूल आडवं होतं, फिरवलं. टॅबिथाला पाण्याला धाडलं आणि विचारलं. मुलगी झाली. उनाला सणसणून ताप, शुद्ध नाही.

१८ नोव्हेंबर
कोर्ट. बायबलवर हात ठेवून नाव सांगितलं – ओबेद विंगेट.
विंगेट ओरडला, "ही म्हातारी पोपची बटीक आहे, कॅथलिक! हिची शपथ कसली धरता?"
न्यायाधीश म्हणाले, "माझी तीन मुलं तिच्याच हातची. लिहून घ्या."
मूल विंगेटनं पोसायचं. उनाचे फटके टळले. तिकडे आयर्लंडात, गॉलवेच्या मठात सिस्टर सांगायच्या, साक्ष देताना मान ताठ ठेवावी. ठेवली.

२१ नोव्हेंबर
ताप उतरला. उनाला कोर्टातलं सगळं सांगितलं.
"पण मावशी, नाव विचारलं तेव्हा मी तर तोंडच उघडलं नव्हतं."
"नव्हतंसच," म्हटलं. "पेज पी. निवतेय."